काडतुसातील रिकामी जागा

पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. रिव्हॉल्व्हरचा घोडा टोपीवर आपटतो, टोपीतील ज्वालाग्राही द्रव्य पेट घेते, तिच्या ठिणगीने दारू जळते आणि त्या वायूंच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. एवढे होऊन गेल्यावर पितळेची पुंगळी मात्र थोडीशी फुगण्यापलीकडे शाबूत राहते. काडतुसाच्या किमतीतील बराच वाटा या पुंगळीचाच असतो. तेव्हा ती फेकून न देता पुन्हा भरावी, असे काटकसरी नेमबाजाला वाटले तर त्यात नवल नाही. या विचारातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरच्या घरी काडतुसे भरण्याची एक दीर्घ परंपरा निर्माण झाली. स्वतःच्या उपयोगासाठी काडतुसे भरणाऱ्यास तेथील संघराज्याचा कायदा परवान्याची अट घालीत नाही. भारतातील स्थिती सर्वस्वी वेगळी आहे. येथे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही आणि १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानंतर हौसेखातर केल्या जाणाऱ्या शिकारीस स्थान उरलेले नाही.

या अमेरिकी परंपरेचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासंबंधीचे जवळजवळ सारे कौशल्य, आणि सारा धोकाही, पुंगळीत दारू व गोळी यांच्यामध्ये उरणाऱ्या रिकाम्या जागेशी निगडित आहे.

काळ्या दारूचा वारसा

१८७३ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने कोल्ट कंपनीचे .४५ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्याच्या काडतुसाची पुंगळी मुळात ४० ग्रेन काळी दारू मावेल अशा बेताने घडविलेली होती. ग्रेन हे फार लहान माप आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्याकडील अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू गोळीच्या बुडाशी पोकळी न ठेवता भरावयाची, असा ठासणीच्या बंदुकीपासून चालत आलेला नियम होता. त्यामुळे दारू किती घालावी हे बव्हंशी पुंगळीच ठरवीत असे. चुकून दुप्पट दारू घालावयाची म्हटले तरी ती मावणार कोठे?

दुकानांपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या शिकाऱ्यांना व गुराख्यांना ही सोय फार मानवली. न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या आयडियल कंपनीचे हत्यार याच गरजेतून पुढे आले. अडकित्त्यासारख्या दोन दांड्यांच्या या हत्याराने जुनी टोपी काढता येई, नवी बसविता येई आणि गोळी पुंगळीत दाबून तिचे तोंड आवळता येई. काही हत्यारांना शिशाची गोळी ओतण्याचा साचाही जोडलेला असे. शेकोटीवर शिसे वितळवून शिकारी दुसऱ्या दिवसाची तयारी करीत.

१८८४ मध्येच फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली. नायट्रोसेल्युलोजपासून बनलेली ही दारू काळ्या दारूच्या मानाने बऱ्याच कमी वजनात तेच काम करीत असे. काडतुसांचा आकार मात्र बदलला नाही. लक्षावधी रिव्हॉल्व्हरे लोकांच्या हाती होती आणि त्यांच्या चक्रातील कप्पे जुन्या पुंगळ्यांच्या मापाचे होते. १८९८ च्या सुमारास आलेले आणि पुढे नेमबाजांचे अत्यंत आवडते ठरलेले .३८ स्पेशल हे काडतूसही आरंभी काळ्या दारूसाठीच योजिलेले होते. मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली, आणि दारूचे प्रमाण राखण्याचे जे काम पूर्वी पुंगळी करीत असे ते आता तराजूकडे आले.

भरण्याची रीत

आज ही कामे टेबलावर पक्क्या बसविलेल्या दाबयंत्रावर होतात. प्रथम प्रत्येक पुंगळी पुसून तिला तडा गेला आहे काय ते पाहतात. मग ती पोलादी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणतात व जळलेली टोपी काढून टाकतात. अमेरिकेत हे काम सोपे असण्याचे एक कारण गमतीचे आहे. तेथे प्रचलित असलेली टोपी बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याच्या पद्धतीची आहे. तिच्या पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असते, त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. उलट बर्डन या अमेरिकी गृहस्थाच्या पद्धतीत मधोमध छिद्र नसते, आणि ती रूढ झाली युरोपात.

नवी टोपी बसविल्यावर पुंगळीचे तोंड किंचित रुंद करतात, दारू मोजून घालतात आणि गोळी ठराविक खोलीपर्यंत दाबतात. शेवटी पुंगळीचे तोंड गोळीवरील खाचेत आवळतात. रिव्हॉल्व्हरमध्ये या आवळण्याला विशेष महत्त्व आहे. एक बार उडाला की त्याच्या धक्क्याने शस्त्र झटकन मागे येते, पण चक्रातील उरलेल्या काडतुसांच्या जड गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. तोंड सैल असेल तर गोळी पुंगळीतून पुढे सरकते, चक्राच्या बाहेर डोकावते आणि चक्र फिरेनासे होते.

धूरविरहित दारूचा एक गुण येथे लक्षात घ्यावा लागतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून दारूचे वजन तेच ठेवूनही गोळी जरा अधिक खोल दाबली, तर मोकळी जागा कमी होऊन दाब अनपेक्षितपणे वाढतो. केवळ वजन नव्हे, तर वजन आणि अवकाश यांचे नाते सांभाळावे लागते.

कागदी लक्ष्याची मागणी

लक्ष्यावर नेम धरणाऱ्यास जोर नको असतो; प्रत्येक बार आधीच्या बारासारखा हवा असतो. ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरत आले आहेत. अशा सामन्यांतील नेमबाजांनी .३८ स्पेशलसाठी सपाट तोंडाची, नळकांड्यासारखी गोळी पसंत केली. टोकदार गोळी कागद फाडते. ही गोळी पंचिंग यंत्राप्रमाणे स्वच्छ वर्तुळ कापते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. १४८ ग्रेन वजनाची ही गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट होईल इतकी आत बसविली जाते व तिच्यामागे शीघ्र जळणाऱ्या दारूचा हलका भार असतो.

हा भार इतका लहान असतो की पुंगळीत त्याच्या दुप्पट दारू पडली तरी ती सहज मावते. हलक्या भाराचे काडतूस निरुपद्रवी असते, या समजुतीने अनेक रिव्हॉल्व्हरे फुटली आहेत. उलट चूकही तितकीच घातक असते. पुंगळीत दारू पडलीच नाही तर एकट्या टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून तेथेच अडकते. आवाज दबका येतो, हाताला धक्का जाणवत नाही. नेमबाजाने त्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा चाप ओढला, तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते वा फाटते. म्हणून दारू घातलेल्या सर्व पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवून, गोळी बसविण्यापूर्वी दिव्याच्या प्रकाशात प्रत्येकीत डोकावून पाहण्याची शिस्त जुनी मंडळी कटाक्षाने पाळतात.

मोकळ्या जागेचा परिणाम अचूकतेवरही होतो. नळी खाली झुकलेली असेल तर दारू गोळीकडे सरकते, वर उचललेली असेल तर टोपीकडे साचते, आणि दोन्ही वेळी गोळीचा वेग सारखा येत नाही.

शिकाऱ्याची मागणी आणि एल्मर कीथ

शिकाऱ्याचा प्रश्न निराळा होता. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला रायफलीच्या गोळीइतका वेग नसतो. जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहू नये, एवढी खात्री तरी त्या गोळीने द्यावयास हवी. या प्रश्नाचा ध्यास घेतलेल्यांत एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांचे नाव अग्रभागी आहे. आयडाहो राज्यात गुरे राखणे, शिकाऱ्यांना वाट दाखविणे आणि शस्त्रांविषयी लिहिणे यांत त्यांचे आयुष्य गेले. १९२५ मध्ये .४५ व्यासाच्या जुन्या कोल्टमध्ये जड गोळी व जबर भार घालून बार काढीत असता चक्राचा वरचा भाग त्यांच्या हातातच उडून गेला.

या अपघातातून कीथ यांनी एक साधा निष्कर्ष काढला. चक्राचा बाह्य व्यास तोच असेल, तर कप्पा जितका अरुंद तितकी त्याची भिंत जाड. म्हणून त्यांनी .४५ सोडून .४४ स्पेशल हे काडतूस हाती घेतले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्यासाठी सुमारे २५० ग्रेनची एक गोळी आखली. तिचे टोक रुंद व सपाट होते, पुढच्या पट्ट्याला तीक्ष्ण कडा होती, वंगणासाठी खोल खाच आणि तोंड आवळण्यासाठी दुसरी खाच होती. लायमन कंपनीचा हा साचा ४२९४२१ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. या गोळीचा बराचसा भाग पुंगळीच्या बाहेर राहतो, त्यामुळे मंद जळणाऱ्या दारूला आत अधिक जागा मिळते. मंद दारू दाब एकदम न वाढविता गोळीला नळीभर ढकलीत राहते.

दाब मोजण्याचे साधन मात्र कीथ यांच्यासारख्या एकांड्या प्रयोगकर्त्यांकडे नव्हते. चपटी झालेली टोपी, कप्प्यात अडकून बसलेली पुंगळी अशा खुणांवरून ते अंदाज बांधीत. रिव्हॉल्व्हरमध्ये या खुणा भरवशाच्या नसतात; त्या दिसू लागतात तेव्हा मर्यादा बहुधा ओलांडली गेलेली असते.

अष्टमांश इंचाचा उपाय

कारखान्यांपुढे वेगळीच अडचण होती. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९३० मध्ये जड बांधणीचे एक रिव्हॉल्व्हर काढले आणि त्यासाठी .३८ स्पेशलचीच जोरदार काडतुसे निघाली. पण तीच काडतुसे कोणाही गृहस्थाच्या जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्येही बसत. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आले तेव्हा यावर तोडगा काढण्यात आला. पुंगळी सुमारे अष्टमांश इंचाने, म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक, लांब करण्यात आली. ही लांबी दारूसाठी आवश्यक नव्हती. नवे काडतूस जुन्या शस्त्रात पुरते शिरू नये, एवढाच तिचा हेतू. कीथ यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या जोरदार .४४ काडतुसालाही हाच न्याय लावण्यात आला. स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांचे .४४ मॅग्नम १९५५–५६ मध्ये बाजारात आले, तेही .४४ स्पेशलहून अष्टमांश इंच लांब. माणसाच्या सावधगिरीवर विसंबण्याऐवजी पितळेच्या लांबीलाच पहारेकरी नेमण्यात आले.

घरी काडतुसे भरणाऱ्याला मात्र हा पहारेकरी अडवू शकत नाही. जुन्या आखूड पुंगळीत मॅग्नमचा भार घालणे त्याच्या हातात असते, आणि ते न करणेही त्याच्याच हातात असते. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाब मोजून तयार केलेल्या पुस्तिका आज सर्वत्र मिळतात. त्यांतील आरंभीच्या कमी भारापासून सुरुवात करावी, सांगितलेला एकही घटक बदलू नये, हा सर्वमान्य नियम आहे. तथापि कमी म्हणजे नेहमी सुरक्षित असेही नाही. काही मंद दारूंच्या बाबतीत भार फार कमी केल्यास ती नीट जळत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. म्हणून त्यांचे उत्पादकच तशी ताकीद देतात.

हा जुना प्रश्न अलीकडे नव्या रूपात पुढे आला आहे. शिशाच्या तुकड्यांनी विषबाधा होऊन कॉन्डॉर गिधाडे मरतात, हे दिसून आल्यावर कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी घातली. तेथील शिकारी आता तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबे शिशाहून हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब असते. काडतुसाची एकूण लांबी चक्राने ठरविलेली असल्याने ती पुंगळीत अधिक खोल बसते व दारूची जागा व्यापते. शिशाच्या गोळीसाठी वर्षानुवर्षे निर्धोक ठरलेला भार तिच्यामागे घातला तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. म्हणून गोळीचे वजन तेच असले तरी जुन्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. त्या विशिष्ट गोळीसाठी मोजून ठरविलेला भारच घ्यावा लागतो.