पैलवानाचा पदन्यास

खानदेशातल्या वरातीत बँडवाल्याने चाल बदलली की काही माणसे एकाच ढंगात नाचू लागतात : गुडघे किंचित वाकलेले, पाय जागच्या जागी, कोपरे अंगाशी, मान तालावर. जळगाव असो वा धुळे, हा नाच कोणी शिकवलेला नसतो. हिंदी पडद्यावर त्याला नायकाचा मान मिळवून दिला तो भगवान आभाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान यांनी. आपण मात्र ‘विनोदी नट’ म्हणून त्यांची बोळवण करतो.

१ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत जन्मलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा मुंबईत वाढला. नाद कुस्तीचा. मूकपटांच्या अखेरच्या काळात तो चित्रपटात आला. जिथे शब्दच नाहीत तिथे सारे शरीरानेच सांगावे लागे. १९३८ च्या ‘बहादूर किसान’पासून ते दिग्दर्शनात उतरले आणि कमी खर्चाचे मारधाडपट काढू लागले. प्रेक्षक मुख्यतः कामकरी वर्गातला. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांची थप्पड ललिता पवारांना जोरात बसली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. त्या अंगात किती जोर होता, याची ही कटू खूण.

राज कपूर यांच्या सांगण्यावरून भगवानदादांनी मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढला, तो १९५१ चा ‘अलबेला’. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. रंगभूमीची स्वप्ने पाहणारा गरीब प्यारेलाल त्यांनी साकारला. ही गाणी पाहताना पायांकडे लक्ष द्यावे. आखाड्यात पैलवान पैंतरा घेतो, तसेच वाकलेले गुडघे आणि खाली ठेवलेला तोल. वजनदार देह असूनही पाऊल हलके पडते. हा पैंतराच तालात बसवलेला आहे, असे मला वाटते.

अमेरिकेत रे बोल्जर हा टॅप नर्तक विनोदी नट झाला. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधले त्याचे बुजगावणे हाडे नसल्यासारखे कोसळते. त्या लडखडण्यामागे कसलेला नर्तक आहे, हे तिकडे सगळे जाणतात. आपल्याकडे मात्र हसवणाऱ्याचा नाच ही गंमतच ठरते. शास्त्रीय नृत्याची चिकित्सा होते, लावणीवर ग्रंथ निघतात. साध्या माणसाला जमेल असा नाच घडवणाऱ्याचे नाव नृत्याच्या इतिहासात सापडत नाही. अमिताभ बच्चन यांच्या नाचात भगवानदादांची ढब सहज ओळखू येते, तरीही.

पुढचे चित्रपट ‘अलबेला’इतके चालले नाहीत. बंगला गेला, मोटारी गेल्या, छोट्या भूमिका उरल्या. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतच त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चरित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

नाच मात्र तिला आधीपासूनच येत होता. यंदाच्या लग्नसराईत वरातीपुढची पावले जरा निरखून पाहा.