चौदा मतांचा फैसला

28 जुलै 1993 रोजी लोकसभेत पी. व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळावरील अविश्वासाचा ठराव मतास टाकण्यात आला, तेव्हा ठरावाच्या बाजूने 251 आणि विरुद्ध 265 सदस्यांनी कौल दिला, व चौदा मतांच्या अंतराने ते मंत्रिमंडळ तरले. ठराव फेटाळणाऱ्यांपैकी अवघे सात जण पलीकडे गेले असते, तर दोन्ही पारडी समसमान झाली असती; आठवा गेला असता, तर पंतप्रधानांना राजीनामा घेऊन राष्ट्रपतिभवनाची वाट धरावी लागली असती. सभागृहाची तेव्हाची सदस्यसंख्या 528, सत्तारूढ काँग्रेस पक्षाचे सदस्य 251, म्हणजे साध्या बहुमताला चौदांची तूट. आणि ती तूट भरून काढणारी मते कोठून आली, या एका प्रश्नाने पुढची तीस वर्षे या देशाच्या न्यायसंस्थेचा पाठपुरावा केला. विरोधकांचा प्रयत्न फसला, एवढीच नोंद करून इतिहासाला येथे थांबता येत नाही.

महाराष्ट्राला हा प्रसंग परका वाटण्याचे काही कारण नाही. राव हे तेलंगणाचे खरे, परंतु 1984 आणि 1989 या दोन निवडणुकांत ते विदर्भातील रामटेकमधून लोकसभेवर गेले होते. त्यांना मराठी उत्तम अवगत होती, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी तेलुगू वाचकांपर्यंत नेणारे भाषांतरकार ते हेच. ज्या अध्यक्षांच्या आसनासमोर या ठरावाची चर्चा झाली, ते शिवराज पाटील लातूर जिल्ह्यातील चाकूरचे. ज्या आरोपाने त्या वर्षीचा पावसाळा दिल्लीत तापला, तो आरोपही मुंबईच्या रोखेबाजारातून उठलेला होता: जून 1993 मध्ये दलाल हर्षद मेहता याने, आपण पंतप्रधानांना एक कोट रुपये दिले, असे वार्ताहरांसमोर सांगितले, आणि पैशांची पेटी कशी भरली असेल याची चर्चा देशभर चावडीचावडीवर होऊ लागली.

अविश्वासाच्या ठरावाची आपल्याकडील परंपरा याहून पुष्कळ जुनी आणि उजळ आहे. पहिला ठराव 1963 च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानी यांनी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळाविरुद्ध आणला. चीनच्या आक्रमणाची जखम तेव्हा ताजी होती. सुवर्णनियंत्रणाने सराफ आणि सोनार हवालदिल झाले होते. सक्तीच्या ठेवीच्या योजनेने सामान्य माणूस वैतागला होता. कृपलानी, डॉ. लोहिया आणि मिनू मसानी हे तिघेही त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकांतून सभागृहात आलेले. चार दिवस चाललेल्या त्या चर्चेत लोहियांनी, देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा हिशेब मांडला आणि सरकारला त्याचे उत्तर आकड्यांनी द्यावे लागले. ठराव 62 विरुद्ध 347 मतांनी पडला. तो पडणार हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. परंतु मंत्रिमंडळाला बरतरफ करणे हेच अशा ठरावाचे एकमेव प्रयोजन नसते, त्याला जाब देण्यास उभे करणे हेही असते, आणि त्या अर्थाने तो ठराव फसला असे मला म्हणवत नाही. याच्या उलट, 1979 च्या जुलैत विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई यांच्या सरकारविरुद्ध ठराव मांडला, तेव्हा मतदानाची वेळही आली नाही. जनता पक्षाला आतून अशी काही गळती लागली की मोरारजींनी त्याआधीच 15 जुलै रोजी राजीनामा दिला.

नरसिंह रावांची स्थिती या दोघांहून भिन्न होती. 1991 च्या जूनमध्ये त्यांनी शपथ घेतली ती बहुमताविना. 1992 च्या जुलैत जसवंतसिंह यांचा ठराव 46 मतांनी पडला. बाबरी मशिदीच्या पाडावानंतर डिसेंबरात अटलबिहारी वाजपेयी यांनी आणलेला ठराव 111 विरुद्ध 336 असा फेटाळला गेला, कारण त्या वेळी डावे पक्ष भारतीय जनता पक्षाबरोबर मत देण्यास तयार नव्हते. 26 जुलै 1993 रोजीचा तिसरा ठराव मात्र मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे अजय मुखोपाध्याय यांच्या नावावर होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांच्यापुढील शरणागती, जातीय शक्तींशी तडजोड आणि भ्रष्टाचार अशी कलमे त्यात होती, आणि या वेळी उजवे व डावे एका बाजूला आले. संख्या प्रथमच खऱ्या अर्थाने कसोटीस लागली ती येथे.

आग्नेय आशियातील थायलंड देशाकडे या ठिकाणी क्षणभर पाहिले पाहिजे, कारण तेथे अविश्वासाचा ठराव फसण्याचा प्रकार जणू नेमाने घडतो. तेथील पंतप्रधानांपैकी समक सुंदरवेज यांच्यावरील अविश्वासाचा ठराव 2008 च्या जूनमध्ये पडला. यिंगलक शिनवात्रा यांच्यावरील 2013 च्या नोव्हेंबरात 297 विरुद्ध 134 मतांनी पडला. प्रयुत चान-ओचा हे तर एकामागून एक अशा चार ठरावांतून सुखरूप बाहेर आले. आणि 2025 च्या मार्चमध्ये पेतोंगतार्न शिनवात्रा यांना 319 विरुद्ध 162 मतांनी विश्वास मिळाला. पक्षाचा आदेश झुगारून पलीकडे मत देणाऱ्या प्रतिनिधीला तेथे ‘नाग’ म्हणतात, आणि छोट्या पक्षांच्या सभासदांना जे वाटले जाते त्याला ‘केळी’. परंतु प्रतिनिधिगृहाने ज्यांना राखले, त्यांपैकी तिघांना न्यायालयाने राखले नाही. समक यांनी दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमाबद्दल मानधन घेतले म्हणून सप्टेंबर 2008 मध्ये, यिंगलक यांनी एका सुरक्षा-अधिकाऱ्याची बदली केली म्हणून मे 2014 मध्ये, आणि पेतोंगतार्न यांनी कंबोडियाचे हुन सेन यांच्याशी दूरध्वनीवर केलेल्या संभाषणामुळे ऑगस्ट 2025 मध्ये पद गमावले. लोकांनी निवडलेल्या सभेचा कौल काही थोड्या न्यायाधीशांनी असा वारंवार पुसून टाकावा, हे मला लोकशाहीच्या दृष्टीने अत्यंत घातक वाटते. आपल्याकडे न्यायालयाने पंतप्रधानांना पदावरून काढले नाही. त्याच्यापुढे आलेला प्रश्न अधिक मूलभूत होता. सभागृहात दिलेले मत विकत घेतले गेले असेल, तर त्याची फिर्याद कोणत्याही दरबारात चालू शकते की नाही?

ही फिर्याद पुढे आली 1996 च्या फेब्रुवारीत. राष्ट्रीय मुक्ती मोर्चाच्या वतीने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तक्रार गेली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तपास सुरू झाला. आरोपपत्राचा आशय असा की, झारखंड मुक्ती मोर्चाच्या चार खासदारांनी आणि अजितसिंह यांच्या जनता दल गटातील काहींनी ठरावाविरुद्ध मत देण्यासाठी पैसे घेतले. झारखंडच्या खासदारांच्या रकमा मतदानानंतर दिल्लीच्या नौरोजी नगरमधील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेत त्यांच्या खात्यांवर भरल्या गेल्या होत्या, आणि तपासाचा धागा तेथूनच हाती लागला. आरोपींत ज्यांची नावे होती त्यांपैकी अजितसिंह यांनी स्वतः मतदानात भाग घेतला नव्हता. ही बाब वरवर क्षुल्लक दिसते, परंतु पुढचा सारा फैसला तिच्यावर तोलला गेला.

संविधानाच्या 105 व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम असे सांगते की, संसदेत केलेल्या कोणत्याही भाषणाबद्दल किंवा दिलेल्या कोणत्याही मताबद्दल सदस्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होणार नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. त्यावाचून लोहियांसारखा माणूस पंतप्रधानांच्या तोंडावर हिशेब मागू शकला नसता. 17 एप्रिल 1998 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरविले की, ज्यांनी पैसे घेतले आणि ठरल्याप्रमाणे मत दिले, त्यांना हे संरक्षण लागू आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांना नाही. आणि ज्याने घेतले असा आरोप असूनही मत दिले नाही, त्यालाही नाही. म्हणजे लाच घेऊन शब्द पाळणारा सुटला, आणि शब्द न पाळणारा मात्र फौजदारीस पात्र राहिला. न्या. सु. च. अग्रवाल आणि न्या. आनंद यांनी याला असहमती नोंदविली, आणि त्यांचा युक्तिवाद असा की लाच स्वीकारताक्षणी गुन्हा पुरा होतो, पुढे मत दिले काय नि न दिले काय.

हा अल्पमतातला युक्तिवाद आमच्या काष्टीतल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. श्रीगोंदे तालुक्यातील या गावी शनिवारी जनावरांचा जो बाजार भरतो, त्यात बैल पाहणारा आधी जबडा उघडून दात पाहतो, चार पावले चालवून पाय पाहतो. मग उपरण्याआड हात घालून दलाल बोटांनी भाव करतात, आणि भाव जुळला की इसार दिला जातो. इसार हातात पडला की सौदा पुरा झाला, मग खरेदीदाराने तो बैल त्याच दिवशी दावणीवरून सोडला किंवा आठवड्याने. आणि सौद्याची पावती बाजार समितीच्या दप्तरी फाडली जाते. व्यवहार केव्हा पुरा होतो, हे न्यायशास्त्राचे जे गूढ तीन न्यायमूर्तींना निराळे दिसले, ते या बाजारात रोजच्या रोकड्या हिशेबाचा भाग आहे.

त्याच 1993 साली आमच्या नगर जिल्ह्याने कायद्याची दुसरी बाजूही पाहिली, आणि हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्याखेरीज मला पुढे जाता येत नाही. 1991 च्या निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले आणि अपक्ष म्हणून उभे असलेले बाळासाहेब विखे पाटील पराभूत झाले. विखे पाटलांनी निवडणूक-अर्ज केला. प्रचारसभांतून आपल्या चारित्र्याविषयी खोटी विधाने करण्यात आली, असे त्यांचे म्हणणे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरविली, आणि नोव्हेंबर 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गडाखांपुरता तो निकाल कायम केला. त्याच प्रकरणी शरद पवार यांच्यावर खालच्या न्यायालयाने ठेवलेला ठपका मात्र त्याने दूर केला. ज्या वर्षी दिल्लीत मतांच्या खरेदीचा आरोप झाला, त्याच वर्षी नगर जिल्ह्यातील एका उमेदवाराचे प्रचारातील शब्द कायद्याच्या तराजूत एकेक करून तोलले गेले. व्यासपीठावरील बोलण्याला इतकी कठोर जबाबदारी आणि सभागृहातील मताला लाच घेऊनही अभय, ही विसंगती 1998 च्या निकालाने अधिकच उघडी पाडली, आणि ती सहन करण्याजोगी नव्हती असे माझे स्पष्ट मत आहे.

रावांपुरते सांगायचे तर, देणाऱ्यांवरील खटला चालला. सप्टेंबर 2000 मध्ये विशेष न्यायाधीशांनी राव आणि काँग्रेसचे बुटासिंग यांना दोषी धरले, ऑक्टोबरात तीन वर्षांची सजा सुनावली, आणि मार्च 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माफीच्या साक्षीदाराची जबानी विश्वासार्ह नाही असे ठरवून दोघांनाही निर्दोष मुक्त केले. 2004 च्या डिसेंबरात राव निवर्तले. कायद्याच्या दृष्टीने ते निष्कलंक आहेत, आणि तसेच लिहिले पाहिजे. 1991 पासून त्यांनी आर्थिक धोरणाची जी दिशा पालटली, ती त्या चौदा मतांनी टिकली हेही लिहिले पाहिजे. ते सरकार पडते तर उद्योगधंद्यांच्या परवान्यांचा, आयातीचा आणि रुपयाच्या विनिमयाचा पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. परंतु चांगल्या फळाने बीजाची चौकशी रद्द होत नाही.

चौकशी पुन्हा उघडली ती झारखंडमधूनच. त्या चार खासदारांपैकी एक असलेले शिबू सोरेन यांच्या स्नुषा, तेव्हाच्या आमदार सीता सोरेन यांच्यावर 2012 च्या राज्यसभा निवडणुकीत लाच घेतल्याचा आरोप झाला. त्यांनी 1998 च्या निकालाचा आश्रय मागितला, आणि प्रकरण सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेले. त्या पीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. त्यांचे घराणे खेड तालुक्यातील कनेरसरचे, म्हणजे काष्टीचा प्रदेश ज्या भीमेच्या खोऱ्यात येतो त्याच खोऱ्यातले. 4 मार्च 2024 रोजी पीठाने एकमताने जुना निकाल रद्द केला: लाच स्वीकारली की गुन्हा पुरा होतो, नंतरचे मत कोणत्या बाजूस पडले हे पाहण्याचे कारण नाही, आणि संसदीय विशेषाधिकार लाचखोरीला कवच देत नाही. न्या. अग्रवालांचे अल्पमत सव्वीस वर्षांनी देशाचा कायदा झाले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी सरकारने नरसिंह रावांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर केले होते.

ग्रामपंचायतीच्या सदस्याला मात्र असले कवच कधीच नव्हते. 105 वा आणि 194 वा अनुच्छेद फक्त संसदेसाठी आणि विधिमंडळांसाठी आहेत. काष्टीच्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या 35 व्या कलमाखाली कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यावी लागते, त्यांच्या अध्यक्षतेखाली विशेष सभा भरते, साधे बहुमत तेथे पुरत नाही, आणि सरपंच थेट जनतेतून निवडलेला असेल तर तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केल्यावरही तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानासाठी ठेवावा लागतो. ठराव फसला की ठराविक मुदतीपर्यंत दुसरा आणता येत नाही. अशा ठरावाआधी सदस्यांना ‘सहलीला’ नेण्याची रीत साऱ्या जिल्ह्याला परिचित आहे, आणि त्या सहलीत कोणी पैसे घेतल्याचे सिद्ध झाले तर तो सदस्य लोकसेवक या नात्याने 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली सरळ कैदेत जाऊ शकत होता, 1993 मध्येही आणि 1998 मध्येही. पंतप्रधानांचे आसन ज्यांच्या मतावर अवलंबून होते, त्या खासदारांना त्याच पंगतीत बसविण्यास मार्च 2024 उजाडावा लागला.