जाळ्यामागचं यंत्र (भाग ९) : बर्फाचा हिशेब

सातपाटीच्या खाडीतल्या गाळाचं गणित आज मांडणार होतो, ते पुढे ढकलतोय. गाळ कुठे पळून जात नाही, तोच तर त्याचा दोष आहे. मधल्या काळात बोईसरहून एका वडिलांचं पत्र आलं. मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. देखभालीचं काम: पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर. ही लेखमाला वाचून त्याने मत्स्य अभियांत्रिकीचं मनावर घेतलंय आणि घरात वाद सुरू झालाय. आजोबांनी बोट विकली ती घरातल्या पोरांनी पुन्हा दर्यावर जाऊ नये म्हणून, आणि आता हा म्हणतो मला मासेमारीतच इंजिनिअर व्हायचंय. वडील विचारतात, यासाठी बोटीवर जावंच लागतं का?

नाही. पण आधी बोटीवरचा रस्ता सांगून टाकतो, कारण पत्रं त्याचीच जास्त येतात. तो रस्ता कोचीच्या सिफनेटमधून जातो. ही केंद्र सरकारची संस्था १९६३ची, शाखा चेन्नई आणि विशाखापट्टणमला. तिथला मरीन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीच्या गणित-विज्ञानावर मिळतो. पुढे समुद्रावरचा ठरावीक काळ भरला की मासेमारी जहाजाच्या इंजिनिअरच्या परीक्षेला बसता येतं. डिप्लोमावाल्याला दहावीच्या पायरीवर परत उतरणं कमीपणाचं वाटतं हे मला कळतं. पण जहाजाच्या इंजिन-रूममध्ये तुमच्या डिप्लोम्यापेक्षा त्या परीक्षेच्या प्रमाणपत्राला मान आहे. बारावी होऊन थेट पदवीकडे जायचं तर तमिळनाडूच्या मत्स्य विद्यापीठाचं नागपट्टणमचं कॉलेज फिशरीज इंजिनिअरिंगमध्ये बी. टेक. देतं. आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१पासूनचं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथली पदवी मत्स्यविज्ञानाची, पण अभियांत्रिकीचे विषय तिच्यात आहेत. इंजिनिअरिंगची पदवी हातात असेल तर आयआयटी खरगपूरला मत्स्यशेतीच्या अभियांत्रिकीत एम. टेक. होतं. आणि सिव्हिलवाल्यांनी बेंगळुरूच्या त्या केंद्रीय संस्थेवर लक्ष ठेवावं, जी १९६८पासून देशभरच्या मासेमारी बंदरांचे आराखडे करते. तिच्याबद्दल गाळाच्या भागात सविस्तर येईल.

प्रवेशाच्या अटी दर वर्षी हलतात. त्या संस्थेच्या जाहिरातीत वाचा, माझ्या लेखात नको.

आता त्या मुलाचं. त्याच्या हातात कॉम्प्रेसर आहे, आणि पालघरच्या किनाऱ्यावर कॉम्प्रेसर म्हटलं की मला एकच गोष्ट दिसते : बर्फ. मासेमारीतलं इंजिनिअरिंग म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यापुढे बोटीचं इंजिन येतं. इंजिन मासळी घरी आणतं हे खरं. भाव मात्र बर्फ आणतो.

ऑगस्ट २०२१ आठवा. पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्याच महिन्यात मुरब्याच्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळी लागल्या आणि लिलावात १ कोटी ३३ लाख आले. घोळीचा बोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, परदेशात काय भावाने जातो, यावर मुरब्यापासून झाईपर्यंत गप्पा रंगल्या. त्या बोटीच्या मासळी ठेवायच्या खणात त्या दिवशी बर्फ किती होता हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. मला तोच प्रश्न पडतो. जाळं उपसल्यापासून लिलावापर्यंत एवढी मोठाली मासळी टिकवणं हे नशिबाचं काम नाही.

हिशेब करू. एक किलो मासळीचं तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे ०.८ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. जाळ्यातून ती आली तीस अंशांवर, न्यायचीय शून्यावर. म्हणजे किलोमागे २४. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी ओढून घेतो. तेव्हा एक टन पापलेट थंड करायला ३०० किलो बर्फ पुरे. कोणत्याही तांडेलाला हा आकडा सांगा, तो हसेल. त्याचा अनुभव टनाला टन, कधी त्याहून जास्त असा आहे. पुस्तकही बरोबर आहे आणि तांडेलही. उरलेला बर्फ मासळी खात नाही, बोट खाते.

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल खण घ्या. सगळ्या बाजू मिळून वीस चौरस मीटर. बाहेर तीस अंश, आत शून्य. भिंत नुसत्या पाच सेंटिमीटर फळीची असेल तर तिच्यातून दिवसाला जी उष्णता आत शिरते ती सुमारे ३०० किलो बर्फ वितळवते. त्याच भिंतीला दहा सेंटिमीटर पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरला तर ४० किलो. चार दिवसांची फेरी धरा, दोन टन मासळी धरा. मासळीला लागले ६००, फळ्यांना १,२००. पफ असता तर फळ्यांना १६०. प्रत्येक फेरीला टनभर बर्फ विकत घ्यायचा, डिझेल जाळून समुद्रात न्यायचा आणि भिंतीला पाजायचा, हे वर्षानुवर्षं चाललेलं असतं. शिवाय हा हिशेब चारही भिंती सारख्या मानून केलाय. खणाची एक भिंत इंजिन-रूमला लागून असली तर तिच्या पलीकडे तीस अंश नसतात. सगळ्यात जाड पफ तिथे हवा, आणि नेमकी तीच भिंत मला बऱ्याच बोटींत सगळ्यात पातळ दिसली आहे.

एवढा आटापिटा कशाला? मासळी खराब होण्याचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. संशोधकांनी बांधलेलं एक साधं सूत्र आहे : तापमानाला दहाने भागा, त्यात एक मिळवा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा. शून्य अंशाला उत्तर एक. पाच अंशांना सव्वादोन. दहा अंशांना चार. म्हणजे खणाच्या कोपऱ्यात दहा अंशांवर एक दिवस पडून राहिलेलं पापलेट बर्फातल्या चार दिवसांच्या पापलेटाइतकं म्हातारं झालेलं असतं. व्यापाऱ्याला सूत्र ठाऊक नसतं. तो कल्ला उघडतो, बोटाने दाबून बघतो आणि भाव पाडतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून माझे बोटमालकांशी वाद होतात. वितळलेलं पाणी वाया गेलं असं समजू नका. बर्फाचा खडा मासळीला एखाद-दोन ठिकाणीच टेकतो, मध्ये हवा राहते, आणि हवेतून थंडी सावकाश जाते. शून्य अंशाचं पाणी मात्र प्रत्येक फटीत उतरतं आणि जाता जाता मासळी धुऊनही काढतं. त्याला तळाशी वाट ठेवली नाही, तर खालचा थर रक्ताळलेल्या पाण्यात भिजत पडतो. म्हणून बर्फ बारीक फोडलेला हवा. त्यात खर्च क्रशरच्या पात्यांचा. मोठे खडे पापलेटाची कातडी खरवडतात, आणि पापलेटाचा निम्मा भाव त्या चंदेरी कातडीचा असतो.

आता कारखान्याकडे या. बर्फाची लादी मिठाच्या पाण्याच्या टाकीत उभ्या केलेल्या डब्यांत गोठते. त्या पाण्याला उणे दहाच्या आसपास ठेवतो अमोनिया, जो साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो. तीस अंशांच्या पाण्याचा एक टन बर्फ करायला १३३ युनिट भरेल एवढी उष्णता काढावी लागते. उष्ण हवेच्या देशांत लादीच्या कारखान्याला त्यासाठी टनामागे ५५ ते ७० युनिट वीज लागते. कुठला कारखाना ५५ला आहे आणि कुठला सत्तरच्या वर गेलाय, हे बहुतेक वेळा कंडेन्सरच्या नळ्यांवर साचलेल्या क्षारांवर ठरतं. तारापूरच्या कुठल्याही रसायनाच्या कारखान्यात देखभाल केलेल्या पोराला हे काम नवीन नाही. अमोनियाची गळती झाली तर वारा कुठून आहे ते आधी बघायचं, हेही त्याला कुणी शिकवायला नको.

यात नोकरी आहे का? आहे, पण फक्त पालघरमध्ये शोधू नका. इथल्या बर्फ कारखान्याला एक माणूस लागतो आणि तो बहुधा मालकाचा भाचा असतो. तळोजा आणि वेरावळच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांत उणे चाळीसपर्यंत जाणारे फ्रीझर चालतात. तिथे अमोनिया कळणारा आणि निर्यातीचे कागद वाचता येणारा माणूस टिकतो. दोन-तीन वर्षं तिथे काढून परत यावं, असं माझं मत आहे. परतल्यावर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचे नियम वाचावेत. २०२०च्या या योजनेत बर्फ कारखाना आणि शीतगृहाला सर्वसाधारण गटात ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठरलं आहे. टोपल्या घेऊन गाडीत बसणाऱ्या आपल्या बायकांच्या गटाने हा कारखाना काढावा असं मी कधीपासून सांगतोय. पण एक सावधगिरी. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद म्हणजे बर्फालाही गिऱ्हाईक नाही, आणि विजेचा स्थिर आकार त्या दोन महिन्यांतही भरावा लागतो. प्रकल्प अहवालात बारा महिन्यांची विक्री दाखवलेली दिसली की मी तो मिटून ठेवतो.

पत्र लिहिणाऱ्या वडिलांना एक सांगेन. मुलाची नोकरी लगेच सोडवू नका. जुलैत बोटी शाकारलेल्या असतात, खण रिकामे आणि कोरडे असतात, मालकांना वेळ असतो. सुट्टीच्या दिवशी त्याने टेप घेऊन ओळखीच्या एखाद्या बोटीचा खण मोजावा, फळी किती जाड, पफ कुठे आहे आणि कुठे पाणी पिऊन निकामी झालाय ते टोचून बघावं, आणि मालकाला एका कागदावर लिहून द्यावं : फेरीला इतके किलो बर्फ भिंत खाते, एवढ्या पफने इतका वाचेल, खर्च इतक्या फेऱ्यांत वसूल. फीबद्दल पहिल्या बोटीला बोलू नये. दुसऱ्या बोटीचा मालक स्वतःच विचारेल.