९३७ तासांतले ४१

मारिट ब्यॉर्गन ही नॉर्वेची क्रॉस-कंट्री स्कीपटू. हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिच्या नावावर १५ पदके आहेत, त्यांतली ८ सोन्याची. २०१७ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी तिच्या सरावाच्या रोजनिशीचा हिशेब प्रसिद्ध केला. तिशी ते पस्तिशी या ऐन बहराच्या पाच हंगामांत तिने वर्षाला सरासरी ९३७ तास सराव केला, तोही ५४३ सत्रांत.

पहिल्यांदा वाचताना हा आकडा तितकासा अंगावर येत नाही. ३६५ दिवसांत वाटला तर रोजचे अडीच तास आणि वर थोडी मिनिटे. आपल्याकडे शास्त्रीय गायनाचा विद्यार्थीही एवढा रियाज करतो. पण गवयाला रियाजानंतर ढीगभर कॅलरी भरून काढाव्या लागत नाहीत, आणि हे अडीच तास आजारपण, विमानप्रवास, विश्रांतीचे दिवस सगळे धरून काढलेली सरासरी आहे. विसाव्या वर्षी ती वर्षाला पाचशेच्या थोडे वर तास करत होती. पस्तिशीपर्यंत त्यात ८० टक्क्यांची भर पडली. सतरा वर्षांची बेरीज दहा हजार तासांच्या बरीच पुढे जाते.

खरा धक्का पुढच्या रकान्यात आहे. या ९३७ तासांपैकी ७५ तास वजने उचलण्यासारख्या ताकदीच्या व्यायामाचे, १३ वेगाचे, आणि उरलेले सुमारे ८५० दमसासाचे. त्या ८५० पैकी ९२ टक्के सराव अगदी हलका, म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा चालीने. मध्यम जोराचा तीन टक्के. आणि छाती फुटेल असा, शर्यतीसारखा? ४.८ टक्के. म्हणजे वर्षाला जेमतेम ४१ तास. रोजची सात मिनिटेही नाहीत.

व्यायामाने घाम निथळला नाही, दम लागला नाही, तर तो वाया गेला असे मानणाऱ्या आपल्या जिमवाल्यांनी हा तक्ता भिंतीवर लावायला हरकत नाही. खेळाडूंच्या ‘रक्त आटवणाऱ्या’ मेहनतीच्या गोष्टी मला एरवीही जरा संशयास्पद वाटतात. इथे तर कागदच सांगतो की जगज्जेती बाई वर्षाचे ७८० तास स्वतःला आवरत होती. अर्थात हलका म्हणजे छोटा नव्हे. या संथ तासांपैकी ६५ टक्के तास दीड तासापेक्षा लांबलेल्या सत्रांतले आहेत. आणि तिची संथ चाल तुम्हा-आम्हाला पहिल्याच चढावर झेपणार नाही, तो भाग वेगळा.

संथपणाचे एवढे कौतुक का, ते हृदयाच्या आकड्यांत दिसते. बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. सहनशक्तीच्या अव्वल पुरुष खेळाडूंमध्ये हा आकडा ४० लिटरपर्यंत मोजला गेला आहे. अंगात रक्त असते पाच-सहा लिटर. म्हणजे सगळे रक्त दर आठ-नऊ सेकंदांनी हृदयातून एक फेरी मारून येते. ठोके फार वाढवता येत नाहीत, त्यांना वयाची मर्यादा असते. वाढतो तो एका ठोक्यातला माल. साध्या माणसाचे हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटर देते, यांचे २०० च्या घरात. तेवढे रक्त मावावे म्हणून हृदयाचा कप्पा मोठा व्हावा लागतो आणि तो होतो वर्षानुवर्षांच्या लांब, न थकवणाऱ्या तासांनी. ब्यॉर्न डॅली या दुसऱ्या नॉर्वेजियन दिग्गजाच्या नावावर दर किलो वजनामागे मिनिटाला ९६ मिलिलिटर ऑक्सिजन वापरल्याची नोंद सांगितली जाते. सर्वसाधारण तरुणाचा हा आकडा चाळीसच्या आसपास असतो.

आता ऑक्सिजन म्हटला की हवा आली, आणि हवा म्हणजे थंडी. हलक्या सरावात मिनिटाला ७० लिटर हवा आत जाते असे धरले, तर ९३७ तासांत जवळपास ३९ लाख लिटर होतात. कोचावर बसलेला माणूस मिनिटाला सात लिटर घेतो. त्याला एवढी हवा ओढायला अख्खे वर्ष लागते, रात्रीची झोप धरून. शर्यतीच्या कडेलोटावर तगड्या पुरुष स्कीपटूची हवा मिनिटाला २०० लिटरवर जाते.

उणे १० अंशांच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच: एका घनमीटरमध्ये फार तर सव्वादोन ग्रॅम. फुप्फुसात पोचेपर्यंत तीच हवा ३७ अंशांपर्यंत तापून घनमीटरला ४४ ग्रॅम बाष्पाने ओली व्हावी लागते, नाहीतर फुप्फुसाचे नाजूक पडदे टिकणार नाहीत. मधले ४२ ग्रॅम पाणी पुरवतो श्वासनलिकेचा आतला थर. मिनिटाला १०० लिटर म्हणजे तासाला ६ घनमीटर हवा. हिशेब होतो तासाला पाव लिटर पाण्याचा. श्वास सोडताना त्यातले थोडे परत मिळते, बाकीचे तोंडासमोरच्या धुक्यात जाते. पाणी उडाले की थर कोरडा पडतो, त्यातले क्षार घट्ट होतात, पेशी चिडतात, नळ्या आवळतात. हे वर्षाला शेकडो तास, वर्षानुवर्षे. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या ४२ स्कीपटूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत दम्याची लक्षणे आणि चिडक्या श्वासनलिका दोन्ही सापडल्या. एवढी हवा ओढणारी फुप्फुसे, आणि खिशात इनहेलर! उणे २० च्या खाली पारा गेला तर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमाने शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात.

खाण्याचे विचारू नका. नव्वदच्या दशकात स्वीडनच्या संघाची मोजणी झाली, विशिष्ट समस्थानिकांचे पाणी पाजून, म्हणजे अंदाजाला जागा न ठेवता. सराव शिबिरात पुरुष दिवसाला सरासरी ७,००० कॅलरींच्या वर जाळत होते. ज्वारीच्या चांगल्या थोराड भाकरीत साडेतीनशे कॅलरी धरल्या तर वीस भाकऱ्या झाल्या, रोज. आणि त्या चावायला वेळ कुठून आणायचा, हा त्या शिबिरांतला खरोखरचा प्रश्न आहे. म्हणून बरीच भूक पेयांवर भागवावी लागते.

एवढे सगळे बर्फासाठी, आणि बर्फ असतो वर्षातले काही महिने. नॉर्वेच्या स्कीपटूंचे सरावाचे वर्ष मे महिन्यात सुरू होते, तेव्हा बर्फ वितळत असतो. उन्हाळाभर चाकांच्या छोट्या स्की पायाला बांधून डांबरावर जायचे, हातात काठ्या घेऊन डोंगर चढत पळायचे. फिनलंडमध्ये वुओकाटीला १९९७ पासून जमिनीखाली १.२ किलोमीटरचा गारठवलेला बोगदा आहे. जुलैतही आत बर्फ. स्वित्झर्लंडच्या डावोसला याहून साधी युक्ती आहे. हिवाळ्यात बर्फाचा ढीग रचायचा, वर ४० सेंटिमीटर लाकडाचा भुसा पसरायचा आणि उन्हाळा जाऊ द्यायचा. मोजणी झाली त्या वर्षी जवळजवळ तीन चतुर्थांश बर्फ ऑगस्टचे ऊन सोसून शिल्लक राहिला होता. ऑक्टोबरअखेर तो पसरला की चार किलोमीटरचा मार्ग तयार. पाच मीटर रुंदी आणि अर्धा मीटर जाडी धरली तर हा दहा हजार घनमीटर बर्फ झाला, वजनाने पाचएक हजार टन.

याच थंडीत बेल्जियम-नेदरलँड्सच्या चिखलात सायकल हाकणारे सायक्लोक्रॉसवाले असतात. त्यांची शर्यत तासाभराची, टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटर रुंद, आणि नाताळच्या दोन आठवड्यांत जवळजवळ एक दिवसाआड स्पर्धा. स्कीपटू ४१ तास जपून वापरतात, तेवढ्याचा हे लोक एका हंगामात जाहीर चुराडा करतात. तरी मॅथ्यू व्हॅन डेर पूल, ज्याने २०२५ मध्ये सातवे जगज्जेतेपद घेऊन एरिक डे व्लेमिंकच्या विक्रमाची बरोबरी केली, डिसेंबरात स्पेनच्या उन्हात रस्त्यावर तासन्‌तास सायकल चालवायला जातो. तिथेही पाया लांब तासांचाच.

पुन्हा बर्फावर येऊ. स्वीडनमध्ये मार्चच्या पहिल्या रविवारी वासालोपेट ही स्कीची शर्यत होते: सॅलेन ते मूरा, ९० किलोमीटर, सुमारे १५,८०० स्पर्धक एका माळावरून निघतात. १९२२ मध्ये पहिल्या वेळी अर्न्स्ट आल्म साडेसात तासांत जिंकला. २०२१ मध्ये तूर्ड आस्ले यारडालेनने तेच अंतर ३ तास २८ मिनिटांत कापले, ताशी २६ किलोमीटरने. पायांनी रेटा देणे जवळजवळ बंदच, दोन्ही काठ्या एकदम टोचून अंग पुढे ओढायचे. मिनिटाला पन्नास रेटे धरले तरी दहा हजारांहून जास्त वेळा कंबरेतून वाकणे आले. मागच्या बाजूला मात्र नोकरदार, मास्तर, आजोबा असतात. त्यांना ब्लूबेरीचे गरम सूप मिळते आणि संध्याकाळी आठपर्यंत पोचायचे असते.

ब्यॉर्गनची शेवटची ऑलिंपिक शर्यत २५ फेब्रुवारी २०१८ ची, प्योंगचांगला, ३० किलोमीटरची. तेव्हा ती ३७ वर्षांची होती आणि घरी दोन वर्षांचा मुलगा. वेळ १ तास २२ मिनिटे १७.६ सेकंद. वर्षाच्या सरावात अशा ६८० शर्यती मावतात. मोठमोठ्या शर्यतींचे निकाल जिथे सेकंदाच्या दहाव्या भागावर लागतात, त्या खेळात फिनलंडची क्रिस्टा पार्माकोस्की तिच्यामागून रुपेरी पदकासाठी रेषेवर आली ती १ मिनिट ४९.५ सेकंदांनी.