पावडर स्की

पावडर स्की हा ताज्या, भुसभुशीत हिमावरून घसरत जाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रुंद स्कीचा प्रकार आहे. स्कीची रुंदी पावलाखालच्या अरुंद भागात मोजतात. दाबलेल्या हिमावरच्या स्की साधारणतः ६५ ते ८५, तर पावडर स्की १०० मिलिमीटर किंवा अधिक रुंद असतात. रुंद पृष्ठभागावर शरीराचे वजन विभागले गेल्याने दाब कमी होतो, स्की खोल रुतत नाही आणि वळण घेणे सोपे जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील ॲटॉमिक कंपनीने 'पावडर प्लस' ही अतिरुंद स्की आणली.

महिलांसाठी निवड

महिलांसाठीच्या स्की बहुधा आखूड, हलक्या व अधिक लवचिक असतात. वजन कमी असल्यास किंचित कमी रुंदीही पुरते. म्हणून निवडीचा मुख्य निकष लिंग नसून वजन, कौशल्य आणि हिमाचा प्रकार हा होय. कठीण हिमावर रुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेण्यास वेळ लागतो व गुडघ्यांवर ताण येतो. त्यामुळे गुलमर्ग येथील खालच्या सौम्य उतारांवर नवशिक्या महिलेस अरुंद, तर अफरवट पर्वतावरील खोल हिमात अनुभवी महिलेस रुंद स्की सोयीची ठरते.