भविष्यातील राष्ट्र आणि त्याची भाषा : दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांचा एक विचार

प्रस्तावना

राष्ट्र ही संकल्पना आपण वर्गात शिकवतो तेव्हा बहुधा भूतकाळाचा आधार घेतो. समान इतिहास, समान स्मृती, समान संघर्ष यांच्या पायावर राष्ट्र उभे राहते, हे विवेचन विद्यार्थ्यांच्याही परिचयाचे असते. परंतु राष्ट्राला भूतकाळाइतकीच भविष्यकाळाचीही गरज असते. आपण कोण होतो या प्रश्नासोबतच आपण पुढे कोण असणार आहोत, आपल्यात कोणाकोणाचा समावेश असेल आणि आपण कोणत्या भाषेत बोलू, हे प्रश्न प्रत्येक राष्ट्रासमोर असतात. या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना कथारूप देणारा साहित्यप्रकार म्हणजे विज्ञानकथा. दूरचित्रवाणीने हा प्रकार वाचकांच्या मर्यादित वर्तुळातून बाहेर काढून घराघरांत नेला.

प्रस्तुत लेखात दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांनी भावी राष्ट्राची कल्पना कशी केली आहे, याचा विचार केला आहे. त्याच संदर्भात दूरदर्शनवरील मालिकांचे स्वरूप आणि मराठीतील स्थिती यांचीही चर्चा केली आहे. सर्व मालिकांचा आढावा घेणे हा लेखाचा हेतू नाही. निवडक उदाहरणांच्या आधारे काही प्रवृत्ती स्पष्ट करणे एवढाच मर्यादित उद्देश आहे.

१. दूरचित्रवाणी आणि राष्ट्राची कल्पना

बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात राष्ट्राला 'कल्पित समुदाय' असे म्हटले. परस्परांना कधीही न भेटणारी माणसे एकाच वेळी तेच वर्तमानपत्र वाचतात, आणि त्यातून आपण एक आहोत ही जाणीव त्यांच्यात निर्माण होते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र मांडता येईल. भारतात हे कार्य पुढे दूरचित्रवाणीने मोठ्या प्रमाणावर केले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा विस्तार आणि अंतराळसंशोधन हे एकमेकांच्या हातात हात घालून झाले. १९७५-७६ या वर्षी अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रसारण सुरू झाले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले आणि तेथून पंतप्रधानांशी झालेला त्यांचा संवाद देशाने दूरदर्शनवर पाहिला. भारतीय प्रेक्षकाच्या मनात अंतराळ आणि राष्ट्र यांची सांगड अशा रीतीने विज्ञानकथा लोकप्रिय होण्यापूर्वीच घातली गेली होती.

२. राष्ट्र विरून जाते, पण सवयी उरतात

'स्टार ट्रेक' ही अमेरिकी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातील भविष्यात पृथ्वीवरील राष्ट्रांची भांडणे संपलेली आहेत आणि अनेक ग्रहांचा एक महासंघ अस्तित्वात आला आहे. अंतराळयानावर आफ्रिकी वंशाची स्त्री अधिकारी आहे, आशियाई चालक आहे. शीतयुद्ध चालू असतानाच १९६७ मध्ये दुसऱ्या पर्वात चेकॉव्ह हा रशियन अधिकारीही तेथे दाखल झाला. त्या काळाचा विचार करता हे धाडस मोठे होते, यात शंका नाही.

तथापि थोडे बारकाईने पाहिले तर या राष्ट्रविहीन भविष्यात एका राष्ट्राच्या सवयी शाबूत असल्याचे दिसते. यानाच्या नावामागे अमेरिकी नौदलाच्या जहाजांप्रमाणेच आद्याक्षरे आहेत, कप्तान आयोवा राज्यातील आहे आणि सर्व विश्व इंग्रजी बोलते. या भविष्यात भारतीय माणूस कसा येतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९६७ सालच्या एका भागात खान नूनियन सिंग ही व्यक्तिरेखा येते. तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असा तर्क मालिकेतील पात्र करते. जनुकीय प्रयोगांतून जन्मलेला हा महामानव १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भागावर राज्य करणारा हुकूमशहा होता, असे कथेत सांगितले आहे. ही भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने केली. सर्वांना सामावून घेणाऱ्या भविष्यात आपल्या वाट्याला आले ते असे नाव, आणि तेही खलनायकाचे.

दूरदर्शनवरील मालिकांनी याला आपल्या परीने उत्तर दिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'स्पेस सिटी सिग्मा' ही मालिका आली. तिच्या मांडणीवर 'स्टार ट्रेक'ची छाया स्पष्ट होती, पण कप्तानाचे नाव तारा होते. १९९८ साली केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका प्रसारित झाली. मिलिंद सोमण यांनी नायकाची भूमिका केलेल्या या मालिकेचे कथानक २१२३ साली घडते. मानवाने सूर्यमालेत वसाहती केल्या आहेत, पृथ्वी एका शासनाखाली आली आहे आणि तिच्या सर्वोच्च पदाला 'विश्वप्रमुख' असे नाव आहे. अंतराळातील तुरुंगातून निसटलेल्या बारा गुन्हेगारांना पकडण्याची कामगिरी नायकाकडे येते.

येथेही तीच रचना दिसते. राष्ट्रे संपली आहेत. परंतु विश्वशासनाची भाषा हिंदी आहे आणि पदांची व व्यक्तींची नावे संस्कृतातून घेतलेली आहेत. अमेरिकी भविष्यात सारे विश्व इंग्रजी बोलते, तर दूरदर्शनच्या भविष्यात ते हिंदी बोलते. असे का व्हावे, हा प्रश्न दोन्हीकडे कोणीही विचारत नाही. प्रेक्षकांच्या भाषेत मालिका करावी लागते हे व्यावहारिक कारण मान्य केले, तरी त्याचा एक परिणाम उरतोच. जी भाषा विश्वाची भाषा म्हणून सहजपणे ऐकू येते तिच्या भाषकांना भविष्य आपलेच वाटते; इतरांनी मात्र त्या भविष्यात अनुवादित होऊनच प्रवेश करावयाचा असतो.

३. राष्ट्र नव्या भूमीवर पुन्हा घडते

दुसऱ्या प्रकारच्या मालिकांत राष्ट्र संपत नाही, तर नव्या परिस्थितीतून नवी राष्ट्रे निर्माण होतात. या प्रकारचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे २०१५ ते २०२२ या काळात प्रसारित झालेली 'द एक्स्पान्स' ही मालिका. तिच्यात पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचे शासन आहे, मंगळ हे स्वतंत्र प्रजासत्ताक आहे आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणकाम करणारे श्रमिक या दोन्ही सत्तांच्या दडपणाखाली जगत आहेत. पृथ्वीच्या राजकारणातील प्रमुख पात्र क्रिस्जेन अवसरला ही भारतीय वंशाची, साडी नेसणारी मुत्सद्दी स्त्री आहे. खानपासून अवसरलेपर्यंतचा हा प्रवास सुमारे अर्ध्या शतकाचा आहे.

तथापि या मालिकेचे खरे महत्त्व तिच्या भाषिक विचारात आहे. मंगळावरील एका खोऱ्यात भारत, चीन आणि अमेरिकेतील टेक्सास येथून आलेल्या लोकांनी वस्ती केली. त्यामुळे तेथील भारतीय वंशाचा ॲलेक्स कमाल हा वैमानिक टेक्सासच्या हेलात बोलतो. लघुग्रहांच्या पट्ट्यात अनेक देशांतील मजूर एकत्र आल्यामुळे तेथे एक संमिश्र भाषा तयार झाली आहे. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने तिचे व्याकरण व शब्दसंग्रह मालिकेसाठी रचले. पृथ्वीवरील लोक या भाषेकडे अशुद्ध बोली म्हणून पाहतात. पट्ट्यातील लोकांसाठी मात्र तीच त्यांच्या राष्ट्रीयत्वाची पहिली खूण ठरते. राष्ट्र आधी आणि भाषा नंतर असा क्रम नसून, एकत्र राबणाऱ्या माणसांची बोली हीच राष्ट्रजाणिवेची सुरुवात असू शकते, असा विचार येथे कथेतून मांडला गेला आहे.

४. राष्ट्र आकुंचित होते

तिसऱ्या प्रकारात भविष्यातील राष्ट्र विस्तारत नाही, तर आकसत जाते. प्रयाग अकबर यांच्या २०१७ सालच्या कादंबरीवर आधारित 'लैला' ही वेबमालिका २०१९ मध्ये आली. तिच्या दिग्दर्शकांत दीपा मेहता होत्या. २०४० च्या दशकाच्या अखेरीस 'आर्यावर्त' नावाचे राज्य अस्तित्वात आले आहे. समाजगट भिंतींनी विभागलेले आहेत, शुद्धतेचे नियम कडक आहेत आणि पाणी ही श्रीमंतांची वस्तू झाली आहे. आपल्या हरवलेल्या मुलीचा शोध घेणारी आई ही या कथेची नायिका आहे. ही मालिका प्रसिद्ध होताच वादग्रस्त ठरली. तिच्या राजकीय भूमिकेविषयी मतभेद असू शकतात. परंतु राष्ट्राची व्याख्या करताना कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवावेच लागते, आणि त्या सीमारेषेची किंमत एखाद्या कुटुंबाला मोजावी लागते, हे तिने दाखवले.

५. मराठीतील स्थिती

मराठीत विज्ञानकथेची परंपरा सशक्त आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून केलेले कार्य, आणि डॉ. जयंत नारळीकर, डॉ. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे आदींचे लेखन सर्वपरिचित आहे. १९७४ मध्ये नारळीकरांनी परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही घटनाही प्रसिद्ध आहे.

राष्ट्रकल्पनेच्या दृष्टीने नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अत्यंत महत्त्वाची आहे. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर एका वेगळ्याच जगात पोहोचतात. तेथे १७६१ च्या युद्धात विश्वासराव बचावतात आणि मराठ्यांचा विजय होतो. मात्र या पर्यायी भारताची कल्पना केवळ विजयोत्सवाची नाही. मराठी सत्ता विज्ञान-तंत्रज्ञानाचे महत्त्व ओळखते, विसाव्या शतकात पेशव्यांची जागा लोकनियुक्त संस्था घेतात, दिल्लीचा बादशहा नाममात्र उरतो आणि इंग्रजांकडे व्यापारासाठी केवळ मुंबई भाडेपट्ट्याने राहते. पानिपतच्या सलीकडे पाहून लेखकाने स्वाभिमानी व लोकशाहीवादी आधुनिक राष्ट्र रेखाटले आहे.

इतकी सामग्री हाताशी असूनही मराठी वाहिन्यांवर भावी समाजाचे चित्र रेखाटणारी दीर्घ मालिका हा प्रकार रुजला नाही. तांत्रिक खर्च आणि जाहिरातदारांची पसंती ही त्याची कारणे उघड आहेत. परंतु याच वाहिन्यांनी 'राजा शिवछत्रपती' (२००८) किंवा 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७) यांसारख्या भव्य मालिकांसाठी खर्च केला आणि प्रेक्षकांनी त्यांना भरभरून प्रतिसाद दिला. याचा अर्थ असा की, 'आपण कोण' या प्रश्नाचे उत्तर मराठी दूरचित्रवाणीने प्रामुख्याने इतिहासात शोधले. त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो तोल ढळण्याचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. हा दर्जा प्राचीनतेच्या पुराव्यांवर मिळतो. भाषा जुनी आहे हे सिद्ध झाले, पण ती २१२३ सालीही कारभाराची आणि विज्ञानाची भाषा असेल असे चित्र पडद्यावर कोणी रंगवले, असा प्रश्न विचारल्यास आपल्याकडे उत्तर नाही.

६. मीरा-भाईंदरच्या वर्गातून पाहताना

हा विषय आपल्या परिसरापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेनुसार ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. मिठागरांच्या आणि कोळी, आगरी व ईस्ट इंडियन वस्त्यांच्या या भूमीवर एका पिढीच्या काळात अनेक प्रांतांतील कुटुंबे स्थायिक झाली. आपल्या वर्गातील एकाच बाकावर मराठी, गुजराती, मारवाडी, भोजपुरी आणि कोकणी घरांतील विद्यार्थी बसतात आणि मधल्या सुट्टीत या सर्वांची मिळून झालेली एक बोली बोलतात. 'द एक्स्पान्स'मधील लघुग्रहांचा पट्टा त्यांना परका वाटण्याचे कारण नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठी बोलण्याच्या आग्रहावरून याच शहरात एकापाठोपाठ एक असे परस्परविरोधी भूमिकांचे मोर्चे निघाले. त्या वादातील एका बाजूला आपली भाषा आपल्याच भूमीवर मागे पडेल ही भीती होती, तर दुसऱ्या बाजूला आपण कायम बाहेरचे ठरू ही भीती होती. विचार केल्यास या दोन्ही भीती भूतकाळाविषयी नसून भविष्याविषयी आहेत. म्हणूनच वर्गात त्यांची चर्चा करण्यासाठी विज्ञानकथा हे उपयुक्त साधन ठरू शकते. 'पन्नास वर्षांनंतरच्या या शहरातील महापालिकेची एक सभा' अशी प्रवेशिका विद्यार्थ्यांना लिहावयास सांगावी आणि त्या सभेत कोण कोणत्या भाषेत बोलते, कोणाला दुभाषा लागतो आणि इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहिले जाते, हे ठरवणे त्यांच्यावर सोपवावे. ज्याला आपल्या सहाध्यायाला त्या सभेत जागा द्यावी लागते, त्याला समावेशनाचा अर्थ व्याख्येहून अधिक चांगला समजतो. भाषा, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि माध्यमविद्या या विभागांना हा उपक्रम संयुक्तपणे हाती घेता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा राष्ट्राचे विसर्जन, पुनर्निर्मिती आणि आकुंचन अशा तीन प्रकारे कल्पना करतात. दुसरी, राष्ट्रे संपल्याचे सांगणाऱ्या कथाही निर्मात्या देशाची भाषा व सवयी विश्वव्यापी मानून चालतात. याला 'स्टार ट्रेक' अपवाद नाही आणि 'कॅप्टन व्योम'ही नाही. तिसरी, भाषेचा प्रश्न गांभीर्याने घेणाऱ्या मालिकांतच राष्ट्रीयत्वाचे चित्र अधिक विश्वसनीय होते. चौथी, मराठीत यासाठी आवश्यक ते साहित्य उपलब्ध आहे. त्याला दृश्य माध्यमात स्थान मिळालेले नाही.

डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या कथांनी मराठी वाचकाला आपल्या भाषेत उद्याचा विचार करता येतो हा विश्वास दिला. तो विश्वास पुढील पिढीपर्यंत पोहोचवण्यासाठी मोठ्या भांडवलाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर लघुपट तयार होऊ शकतो. त्याला आपल्या भाषेत आणि आपल्या गावात घडणारे भविष्य कल्पिण्यास प्रवृत्त करणे, हे काम महाविद्यालयीन अध्यापकांना आजपासून करता येण्याजोगे आहे.