आउटलुक ओ देत नाही तेव्हा

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापड बाजारातल्या एखाद्या पेढीने उधारी अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवली, तर एका बटणावर थकबाकीचे ईमेल आउटलुकमधून जायला हवेत. पण पडद्यावर उमटतो एरर ४२९! म्हणजे अ‍ॅक्सेसने हाक मारली, आउटलुकने ओ दिली नाही. संगणकावर फक्त ‘नवं’ आउटलुक असेल, तर ते देणारही नाही. त्यात एका प्रोग्रामने दुसऱ्याला हाक मारायची कॉम ही जुनी सोय ठेवलेलीच नाही. क्लासिक आउटलुक लागतं. अ‍ॅक्सेस आणि आउटलुक यांपैकी एकच प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, तरी हाच घोळ.

एरर २८७ वेगळा. २००० साली ‘आय लव्ह यू’ व्हायरस आउटलुकच्या पत्त्यांवरून जगभर पसरला. तेव्हापासून परक्या प्रोग्रामला आउटलुक परवानगी विचारतं. कुणी ‘नाही’ दाबलं की २८७. अँटिव्हायरस अद्ययावत असेल, तर हा प्रश्न सहसा येत नाही. परवानगीचा हा प्रश्न कायमचा बंद करण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही.